इस्तंबूलला सही का झाली नाही: मन्याला पत्र

प्रिय मन्या,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं बघ. तू म्हणालास की युक्रेनने इस्तंबूलला रशियाशी तहावर सही केली असती तर २०२२ मध्येच युद्धाचा विषय संपला असता, उगाच ताणलं, आणि मला धड उत्तरच देता आलं नाही कारण हा विषय निघाला की आधी ताईची मुलगी डोळ्यासमोर येते. म्हणून लिहायला बसलोय, लांबेल जरा पण वाच.

तुला माहितीये ती युक्रेनमध्ये खारकीवला मेडिकलला होती. २ मार्चला आपल्या एम्बसीचा मेसेज आला की संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत निघा. ही पोरं स्टेशनवरच होती, ट्रेनमध्ये शिरायलाच मिळेना, मग थंडीत दहा-बारा किलोमीटर चालत शहराबाहेरच्या पिसोचिनला गेली. मोबाईलचं चार्जिंग वाचवायचं म्हणून ती ताईला मेसेजमध्ये नुसतं एक टिंब पाठवायची, टिंब आलं की समजायचं पोरगी ठीक आहे. ताई रात्रभर त्या टिंबाची वाट बघत बसलेली. दुसऱ्याच दिवशी बेलारूसमध्ये रशिया-युक्रेन चर्चेची दुसरी फेरी झाली, त्यात युद्ध थांबलं नाही पण सामान्य लोकांना बाहेर काढायला कॉरिडॉर द्यायचं ठरलं. तेव्हापासून मी या चर्चांची एकही बातमी सोडलेली नाही.

आता मुद्द्याचं. टेबलावर काय होतं ते मैदानात काय झालं यावर ठरलं. रशियाचा प्लॅन होता कीव झटपट घ्यायचा, पहिल्याच दिवशी, २४ फेब्रुवारीला, हेलिकॉप्टरमधून पॅराट्रूपर कीवजवळच्या होस्तोमेलच्या विमानतळावर उतरवले, रनवे हातात आला की मोठी विमानं भरभरून सैन्य आणायचं आणि तिथून कीव हाकेच्या अंतरावर. पण युक्रेनने तिथे तोफांचा मारा करून रनवे निकामी केला आणि ती विमानं उतरलीच नाहीत. मग उत्तरेकडून रस्त्याने आलेला ताफा ६४ किलोमीटर लांब अडकून पडला, एक कारण म्हणजे युक्रेनने स्वतःचेच पूल उडवले आणि धरणाचं पाणी सोडून इरपिन नदीचा सगळा सखल भाग भरून टाकला. देमिदिव गावात लोकांच्या तळघरांत पाणी शिरलं रे, आपल्याच सैन्याने सोडलेलं, आणि त्या पाण्याने कीव वाचलं. इरपिनच्या तुटलेल्या पुलाखालून फळ्यांवरून म्हाताऱ्यांना उचलून नेणारे सैनिक तू फोटोत पाहिलेस, तो पूलही त्यांनीच पाडलेला.

म्हणून २९ मार्चला इस्तंबूलच्या दोल्माबाह्चे राजवाड्यात रशिया म्हणाला की विश्वास वाढावा म्हणून आम्ही कीव आणि चेर्निहिवकडची कारवाई खूप कमी करतो, ती मला मोठ्या मनाची गोष्ट वाटत नाही, तिकडे त्यांचं अडलंच होतं. पण युक्रेननेही तिथे खूप मोठी गोष्ट पुढे केली हे तुझं बरोबर आहे, नाटोत जाणार नाही, तटस्थ राहू, रशियाने २०१४ मध्ये घेतलेल्या क्रिमियावर १५ वर्षं बोलू. मग रशियन सैन्य मागे गेल्यावर कीवजवळच्या बुचा शहरात काय झालं ते उघड झालं. रस्त्यावर पडलेले साधे लोक, काहींचे हात मागे बांधलेले. तरी एप्रिलमध्ये मसुद्यांची देवाणघेवाण चालूच होती, हे लोक विसरतात, रशिया म्हणत होता सैन्य ८५ हजारच ठेवा, युक्रेन म्हणत होतं अडीच लाख.

पण खरी गाठ अडली ती हमीवर. पुन्हा हल्ला झाला तर धावून येणार कोण? मसुद्यात रशियाला हवं होतं की हमी देणाऱ्या सगळ्या देशांचं एकमत झालं तरच मदत करायची, आणि त्या देशांत रशिया स्वतः होता! म्हणजे ज्याने हल्ला केला त्याच्या परवानगीशिवाय तुझ्या मदतीला कोणी येऊ शकत नाही. मन्या, तू तुझ्या घराचा असा करार केला असतास का? आणि युक्रेनला अनुभव होता, १९९४ मध्ये बुडापेस्टला अण्वस्त्रं सोडून दिली त्या बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटनने सीमांचा आदर करायचं आश्वासन दिलं, वीस वर्षांत क्रिमिया गेला. युद्धात कमावलं ते तहात गमावलं असं आपण म्हणतो ना, त्यांना नेमकी तीच धास्ती होती. ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान बोरिस जॉन्सन एप्रिलमध्ये कीवला गेला आणि सगळं मोडलं असं तू म्हणतोस, तो गेला हे खरंय, पण हे कलम तो गेला नसता तरी गळ्यात अडकणारंच होतं.

तरी चर्चा फुकट असते असं मी म्हणणार नाही हां. मे २०२५ मध्ये परत इस्तंबूलला बसले, युद्धबंदी नाही झाली पण दोन्हीकडची हजार-हजार माणसं सोडायचं ठरलं आणि आठवड्याभराने तीन दिवसांत सोडलीही. चेर्निहिवकडे बसमधून सुटलेले कैदी उतरत होते, मुंडन केलेले, गालफडं बसलेली, आणि दोन्ही बाजूंनी बायका आपल्या नवऱ्याचे मुलांचे फोटो वर धरून विचारत होत्या याला पाहिलंत का, कुठे पाहिलंत का. ताईने तो व्हिडिओ पाहिला आणि उठून आत गेली.

दिवाळीला येशील तेव्हा भांडू यावर, पण ते हमीचं कलम आधी वाचून ये. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
पक्या