मलावीत पोहोचलेल्या आपल्या दादा-वहिनींसाठी आवाहन

मंडळीतील सर्व बंधुभगिनींना प्रभू येशूच्या नावात सलाम.

आपल्या मंडळीने मलावी देशात सेवेसाठी पाठवलेले दादा आणि वहिनी राजधानी लिलाँग्वेला सुखरूप उतरले. तिथून पुढे खेड्यातल्या एका मिशन इस्पितळात त्यांच्या राहण्याची सोय झाली आहे. प्रार्थनेत त्यांना धरून ठेवणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. (नावे सर्वांना ठाऊक आहेत, त्यांच्याच विनंतीवरून इथे देत नाही.)

हे कोणामुळे घडले, ते आधी लिहिलेच पाहिजे. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने मलावीच्या दक्षिण भागात हाहाकार माजवला, ब्लँटायरमध्ये डोंगरउतारावरून चिखल आणि दगड वस्त्यांवर आले. तेव्हा महिला मंडळाच्या भगिनींनी ईस्टरच्या फुलांचा खर्च वाचवून पहिला मदतनिधी उभा केला, आणि त्यातूनच तिथल्या मंडळ्यांशी आपला पत्रव्यवहार सुरू झाला. तरुण संघाने त्या वर्षीच्या नाताळच्या गायनफेरीचे सगळे अर्पण यात टाकले. रविवार शाळेच्या चिमुकल्यांनी मातीचे गल्ले फोडले. आपल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी दोघांची विमानाची तिकिटे एकटीने उचलली आणि नाव वाचून दाखवायचे नाही म्हणून पाळकसाहेबांना बजावले. दादांना इस्पितळातल्या यंत्रांची दुरुस्ती शिकवणारे आपले जुने मंडळीसेवक आज आपल्यात नाहीत, पण त्यांच्या मुलांनी वडिलांची हत्यारांची पेटी मल्टिमीटरसकट दादांच्या हाती दिली. अशी माणसे या मंडळीत आहेत, याचा समितीला अभिमान आहे.

आता तिकडचे वर्तमान. वहिनींचे आवाजी निरोप येतात ते वीज असेल तेव्हा. तिथल्या इस्पितळांत रुग्णाबरोबर आलेल्या नातलगांना गार्डियन म्हणतात. रुग्णाचा स्वयंपाक, धुणे, अंग पुसणे सगळे त्यांच्याकडेच असते. आवारातल्या निवाऱ्यात चुली मांडून त्या बायका मक्याच्या पिठाची न्सिमा घोटतात. वहिनी सध्या रोज त्यांच्यात जाऊन बसतात. कोणाला काही देताना डावा हात उजव्या कोपराला लावायचा, ही तिथली आदराची रीत त्या तिथेच शिकल्या. चिचेवा भाषेचे धडेही तिथेच चालू आहेत.

वॉर्डात मात्र त्यांना अजून काम करता येत नाही. इतकी वर्षे नर्स म्हणून काढली असली तरी मलावीच्या परिचारिका आणि सुईणींच्या परिषदेची नोंदणी हाती पडेपर्यंत थांबणे भाग आहे, आणि ते योग्यच आहे. दादांचाही कामाचा परवाना यायचा आहे. परवा मुलांच्या वॉर्डातला एक ऑक्सिजन कॉन्संट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र, बंद पडला. तिथल्या तरुण तंत्रज्ञाने तो उघडला, दादा शेजारी बसून सांगत राहिले. स्पंजची जाळी धुळीने गच्च झाली होती. साबणाच्या पाण्यात धुऊन, नीट वाळवून बसवली आणि यंत्र चालू झाले. दुसऱ्या यंत्रात हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे झिओलाइटच ओल धरून निकामी झाले आहे, तो भाग देशाबाहेरून मागवावा लागेल. विजेचा दाब कमीजास्त होऊन जळालेली यंत्रे तर खोलीभर पडून आहेत.

काहीजण विचारतात, मलावीत बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत, मग मिशनरी कशाला? बंधुभगिनींनो, त्यांनी आपल्याकडे उपदेशक मागितला नव्हता. नर्स आणि यंत्र दुरुस्त करणारा माणूस मागितला होता.

काहीजण असेही म्हणतात की काम सुरू होऊ दे, मग देऊ. याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. फेब्रुवारी 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल व रॉक्साना नॉट हे नवपरिणीत दांपत्य मुंबईला उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला ते इथे नकोच होते. परत पाठवण्याच्या हुकुमाची टांगती तलवार घेऊन त्यांनी ते दिवस काढले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी सांभाळून घेतले म्हणून ते राहू शकले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. त्यांना पाठवणाऱ्यांनी काम दिसल्यावरच पैसे देऊ म्हटले असते, तर? थांबण्याचे दिवससुद्धा सेवेचेच असतात, आणि त्या दिवसांतही भाडे, जेवण, हिवतापाच्या गोळ्या चुकत नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये मलावीच्या चलनाचे, क्वाचाचे, मोठे अवमूल्यन झाले, तेव्हापासून तिथे सामान्य माणसाचेही कंबरडे मोडले आहे.

एक गोष्ट लिहिताना जड जाते, पण लिहितो. निरोपाच्या उपासनेला बसायला जागा उरली नव्हती. फोटो निघाले, हार घातले गेले, पुष्कळांनी हात वर करून दरमहा देण्याचे वचन दिले. त्यानंतर वचनपत्रे फार थोडी परत आली. दोनदा घोषणा केली तरी फरक पडला नाही. दादा-वहिनींनी याबद्दल एक शब्द काढलेला नाही, म्हणून तर अधिक वाईट वाटते.

देणगीबाबत: वचनपत्रे खजिनदारांकडे, उपासनेनंतर. दरमहा निदान 300 रुपये, जमेल त्याने अधिक, वर्षभरासाठी. एकरकमी चालेल. खाते क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर, भरणा केल्यावर 'मलावी' असे कळवावे, नाहीतर रक्कम बांधकाम निधीत जाते. पावती मिळेल, आयकर सवलतीची नव्हे. पैसे बँकेमार्फतच जातील, परस्पर कोणी पाठवू नयेत. कपडे व औषधांची पार्सले नकोत. नोंदणी व परवान्याची फी या महिनाअखेरपर्यंत पोहोचायला हवी, म्हणून पहिला हप्ता येत्या दोन रविवारांतच द्यावा. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी बुधवारच्या प्रार्थनासभेला यावे, तिथे वहिनींचे निरोप ऐकवले जातात.

आपला नम्र,
सचिव, मिशन समिती