सव्हानाहून सानिकास

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

फ्लोरिडाला जाताना वाटेत जॉर्जियातल्या सव्हाना शहरात नुसतं रात्रीपुरतं थांबायचं होतं. पण आम्ही मुक्काम वाढवलाय. तू फोनवर विचारलंस, "आई, तिथे एवढं आहे काय?" ते फोनवर सांगून व्हायचं नाही, आणि तू नगररचना शिकतेस, म्हणून लिहूनच कळवते.

बाबांचे गुडघे तुला माहीतच आहेत. रॅलेला घराबाहेर पाऊल टाकलं की गाडी लागते. इथे मात्र ते सकाळी हॉटेलातून निघाले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पायीच हिंडले. दोन-तीन मिनिटं चाललं की एक छोटी बाग येते, बागेत बाकं आणि वर जुन्या ओकची दाट सावली. बसायचं, पाणी प्यायचं आणि बरं वाटलं की पुढच्या बागेकडे निघायचं. त्या बागा म्हणजेच इथले स्क्वेअर. जेम्स ओगलथॉर्प यांनी १७३३ मध्ये शहर वसवलं, तेव्हाच ही आखणी केली. मधे मोकळी जागा, तिच्या उत्तरेला आणि दक्षिणेला घरांचे प्लॉट, पूर्व-पश्चिमेला चर्च आणि सार्वजनिक इमारतींसाठी राखलेल्या जागा. वस्ती वाढली की असाच आणखी एक वॉर्ड जोडायचा. १८५१ पर्यंत २४ स्क्वेअर झाले, त्यातले २२ आजही आहेत. गाड्यांना त्यांना वळसा घालूनच जावं लागतं, त्यामुळे वेग आपोआप उतरतो. बाबांना रस्ता ओलांडताना एकदाही माझा हात धरावा लागला नाही. म्हाताऱ्या माणसाला एकट्याने फिरता येईल असं शहर तीनशे वर्षांपूर्वी आखता येत होतं, तर आज का नाही, हे माझ्या मनातून जात नाहीये.

ओकच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉस लोंबत असतं. खाली पडलेला एक झुपका हातात घेऊन पाहिला. राखाडी, कुरळा, आजीच्या फणीतून निघालेल्या गुंतवळासारखा. ही अननसाच्या कुळातली वनस्पती. झाडाचा आधार घेते, पण त्याचा रस शोषत नाही, पाणी हवेतूनच घेते.

हे सगळं आपोआप टिकलेलं नाही बरं का. एलिस स्क्वेअरमधली जुनी मंडई १९५४ मध्ये पाडून तिथे गाड्यांसाठी पार्किंगची इमारत बांधली. पुढच्याच वर्षी १८२० सालच्या डेव्हनपोर्ट हाऊसवर पाळी आली, तेव्हा सात बायका एकत्र आल्या आणि पैसे जमवून ते घर त्यांनी वाचवलं. त्यातूनच इथली वारसा जपणारी संस्था उभी राहिली. एलिस स्क्वेअरही २०१० मध्ये पुन्हा खुला झाला. पार्किंग आता जमिनीखाली आहे आणि वर मुलं कारंज्यात भिजत असतात. आम्ही तिथे बराच वेळ बसलो.

फ्रँकलिन स्क्वेअरजवळचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च मात्र बघताना गलबलून आलं. गुलामीत राबणाऱ्या माणसांनी दिवसभराच्या कामानंतर रात्री जागून ते बांधलं. तळघराच्या लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत. पळून आलेली माणसं त्या जमिनीखाली लपत आणि ही भोकं त्यांच्या श्वासासाठी होती, असं तिथे सांगतात. या शहराची श्रीमंती कापसाची, आणि कापूस या लोकांच्या कष्टाचा. सुंदर घरं बघताना हे विसरायचं नाही, असं मी आणि बाबा दोघंही बोललो.

संध्याकाळी रिव्हर स्ट्रीटवर गेलो. तिथला उतार जुन्या जहाजांतून वजनासाठी आणलेल्या दगडांचा आहे, ओबडधोबड, म्हणून बाबा लिफ्टने उतरले. दुकानात पिकान (अक्रोडासारखा सुका मेवा) घातलेल्या साखरेच्या वड्या, म्हणजे प्रलीन्स, गरम असतानाच चाखायला देतात. आम्ही खात उभे होतो तेवढ्यात नदीतून एक कंटेनरचं जहाज वर बंदराकडे निघालं, काठच्या इमारतींहून उंच आणि इतकं जवळ की डेकवरचा खलाशी स्पष्ट दिसला. बाबांनी हात हलवला, त्यानेही हलवला. फ्लॉरेन्स मार्टस नावाच्या बाईने १८८७ पासून १९३१ पर्यंत इथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला असाच हात केला होता. तिचा पुतळा जवळच आहे.

तुझ्या वसंताच्या सुट्टीत आपण तिघं पुन्हा येऊ. मार्चमध्ये अझेलिया फुलतात. सेंट पॅट्रिक्स डेचा आठवडा तेवढा टाळू, त्या मिरवणुकीला फार गर्दी होते. सुट्टीच्या तारखा लगेच कळव, खोल्या लवकर भरतात. आणि स्केचबुक आण.

तुझी,
आई