लातूरवालीला केलेला फोन

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, तू परवा माझ्याबरोबर राहणाऱ्या लातूरवालीला परस्पर फोन केलास, मला कळलं. ‘आमच्या पोरीची खाण्याची लई नाटकं आहेत, सांभाळून घ्या,’ म्हणालीस म्हणे. चौतीस वर्षांच्या बाईबद्दल! संध्याकाळी कामावरून आले तर फ्रिजवर कागद चिकटवलेला: ‘आज वांगं नाही. बाईसाहेबांनी जेवून घ्यावं.’

चिडवतात, हे खरं. चौघींत एक शेगडी, एक ओटा. तिथं कुणाचं काय लपतं? वांग्याची बी जिभेला लागली की माझ्या अंगावर काटा येतो, दोडका मी बघत नाही, आणि वरणातली टोमॅटोची सालं ताटाच्या कडेला काढून ठेवते. पहिल्याच आठवड्यात सगळं उघड झालं आणि माझं बारसं झालं, चोचलेबाई.

वेळा अमावस्येला, शेतात पंगत बसवायच्या त्या सणाला, लातूरवालीनं हौसेनं मिसळभाजीची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे केले. संभाजीनगरात शेत कुठलं? गच्चीवर चादर अंथरून पंगत बसली. मी भज्जीतले तुरीचे दाणे तेवढे वेचून खात होते. ती म्हणाली, ‘कामून गं, भज्जीची निवडणूक घ्यायलीस का?’ सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

मग नांदेडवाली म्हणाली, ‘१९७२च्या दुष्काळात असतीस तर कळलं असतं.’ हे मात्र लागलं.

बाबा, तेव्हा मी तुमचं सांगितलं. शाळकरी वयात दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलात, मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्लीत, कामावर मिळालेली सुकडी, ती पिठाची कोरडी खिरापत, खाल्लीत. आणि आता? भाकरी जराशी तांबूस दिसली की ताट सरकवता. मालदांडी ज्वारीच लागते, तीही पांढरीशुभ्र. सुकडीचं तर नाव काढू देत नाही. ज्यानं दुष्काळ काढला त्याची ही गत, मग मलाच का बोल लावता, असं विचारलं. नांदेडवाली म्हणाली, ‘हाव, आमची आजीबी लाल भाकरीला हात लावत नव्हती.’ विषय तिथंच संपला.

आई, बाबांच्या त्या सवयीला तू कधी नाटकं म्हटलं नाहीस. त्यांची ज्वारी वेगळी निवडतेस, गिरणीत आधीचं लाल पीठ मिसळू नये म्हणून चक्की झाडून घ्यायला लावतेस. माझ्या वांग्यापायी मात्र लोकांची माफी मागतेस. ती मागू नकोस. इथं मी कुणावर ओझं नाही. वांग्याच्या दिवशी मी शेंगदाण्याची चटणी, करडईचं तेल आणि भाकरी खाते. चौघींच्या भाकऱ्या तर रोज मीच थापते, कारण बाकीच्या तिघींच्या भाकरीला पापुद्रा येत नाही. हे तुला लातूरवालीनं फोनवर सांगितलं नसेल.

बाबा, गुडघ्याला तेल लावता ना? दाराशी रिक्षा बोलवा, स्टँडपर्यंत चालत जाऊ नका.

मामा पुढच्या आठवड्यात इकडं येणार आहेत, त्यांच्याजवळ आमटीचं येसर दे. या वेळी मोठा डबा भर. मागचा या तिघींनीच संपवला, मला दोनदाच आमटी मिळाली. आणि लातूरवालीला पुन्हा फोन करायचाच असेल तर येसरात धने किती आणि हरभरा डाळ किती ते सांग, ती केव्हाची विचारायली.

तुमची,
धाकटी