अर्थमंत्र्यांना खुले पत्र: आधी महसुली खाते समतोल करा

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया,

केंद्राचा जमाखर्च कायद्यानेच समान ठेवावा, ही मागणी अधूनमधून होत असते. लेखा आणि कोषागाराच्या कामातले आम्ही नागपूरकर त्यातला निम्मा भाग मान्य करतो. महसुली खाते समतोल असावे. संपूर्ण अंदाजपत्रक नव्हे.

पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने हा महसुली खर्च चालू वर्षाच्या उत्पन्नातूनच भागला पाहिजे. पुढची कित्येक वर्षे पाणी देणाऱ्या कालव्यासारख्या भांडवली कामासाठी कर्ज काढण्यात गैर काही नाही. दोन्ही मिळून तूट शून्य करायची म्हटली, तर पगार आणि व्याज थांबवता येत नाही. वर्षाच्या मध्यात सुधारित अंदाज करताना कात्री भांडवली कामांनाच लागते. आणि रखडलेले काम किती महाग पडते, हे विदर्भ जाणतो. गोसीखुर्द धरण प्रकल्पाचा मूळ अंदाज 372 कोटींचा होता. भूसंपादन, पुनर्वसन आणि इतर अनेक कारणांनी तो पुढे 18 हजार कोटींवर गेला.

2003 च्या एफआरबीएम कायद्यात (केंद्राच्या वित्तीय शिस्तीचा कायदा) महसुली तूट, म्हणजे महसुली खात्यातली तूट, संपवण्याचे बंधन होते. 2018 च्या दुरुस्तीने ते काढले, हे चुकलेच. 2025-26 च्या अंदाजपत्रकात ही तूट जीडीपीच्या 1.5 टक्के आहे. भांडवली मालमत्तेसाठीची अनुदाने वजा केली तर जेमतेम 0.3. लक्ष्य आवाक्यात आहे. मात्र वजावट लेखापरीक्षणानंतरच मिळावी, नाहीतर रोजचा खर्चही त्याच नावाखाली दाखवला जाईल.

खरी अडचण हिशेबाच्या पद्धतीत आहे. सरकारी लेखे रोखीवर चालतात. मार्चअखेरचे देयक एप्रिलमध्ये भागवले की तूट कागदावर कमी होते. म्हणून थकीत देणी तुटीत धरा. अन्न महामंडळाला अनुदानाऐवजी अल्पबचत निधीतून कर्ज दिले जाई, तेव्हाही हेच घडत होते. 2020-21 च्या सुधारित अंदाजात ते कर्ज हिशेबात आले आणि अन्न अनुदान 1.16 लाख कोटींवरून 4.23 लाख कोटींवर गेले (मोफत धान्याचा खर्च त्यातच). पुरवणी मागण्यांनाही (अंदाजपत्रकानंतर मागितलेला वाढीव खर्च) मर्यादा लागू करा. हिवाळी अधिवेशनात इथल्या विधानभवनात त्या मांडल्या जातात, तेव्हा मूळ अंदाजपत्रक किती टिकते ते आम्ही बघतो. संसदेत वेगळे होत नाही.

संकटकाळासाठी कायद्यात अर्ध्या टक्क्याची सूट आहे. 2020-21 मध्ये राजकोषीय तूट, म्हणजे महसुली आणि भांडवली मिळून एकूण तूट, जीडीपीच्या 9.2 टक्के झाली. अशा वर्षी खर्च कापला असता तर मंदी आणखी वाढली असती. स्वित्झर्लंडमध्ये 2003 पासून खर्चाची मर्यादा तेजी-मंदीनुसार बदलते, आणि ती ओलांडली तर फरक वेगळ्या खात्यात नोंदवून पुढच्या वर्षांत भरून काढावा लागतो. अशी नोंद आपल्या कायद्यातही हवी.

मंदी आहे की नाही, हे मात्र अर्थ मंत्रालयानेच ठरवू नये. एफआरबीएम कायद्याचा आढावा घेणाऱ्या एन. के. सिंह समितीने 2017 मध्ये स्वतंत्र वित्तीय परिषद सुचवली होती. पुढच्या वित्त विधेयकात ती आणा, आणि उत्पन्नाचा अंदाजही तिच्याकडूनच घ्या.

आपले,
लेखा व कोषागार क्षेत्रातील काही नागरिक, नागपूर