ओट्याला टाइल नको बाबा, आधी हा हिशोब बघा

आई, बाबा,
नमस्कार. काल फोनवर स्वयंपाकाच्या ओट्याला टाइल का ग्रॅनाइट हे बोलता बोलता बाबा तुम्ही रागावलात अन् फोन आईकडं दिलात, म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतेय, चष्मा लावून वाचा.

मिस्त्री म्हणाला टाइलचं काम सतराशे-साठात होतं आणि तुम्हाला तेवढंच ऐकू आलं. ते फक्त टाइलचे पैसे झाले हो. आपला ओटा लांबीला ८ फूट, कोपऱ्यापासून पुढं आडवा ५ फूट, खोली २ फूट, म्हणजे २६ स्क्वेअर फूट. दोन बाय दोनच्या टाइलचा बॉक्स १६ फुटाचा येतो, कापाकापीत थोडं वाया जाणार म्हणून दोन बॉक्स, ५५ च्या भावानं १,७६० झाले, बरोबर. पण पुढं चिकटवायचं केमिकल ४५०, सांधे भरायचं एपॉक्सी ग्राउट १,२००, पुढच्या ११ फूट कडेला पट्टी लागते ती ८० रुपये फुटानं ८८०, आणि मजुरी त्यानं ४,००० सांगितलीय ती तुम्ही धरलीच नाही. ८,२९० झाले.

आता ग्रॅनाइट. मी लातूरच्याच दुकानात फोन करून विचारलं, वाया जाणारं धरून ३० फूट, १५० नं ४,५००, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५,३१०. कडेचं मोल्डिंग ९९०, सिंकचं कटिंग ८००, मजुरी तीच ४,०००, टेम्पो ५००. ११,६०० होतात. फरक ३,३१० चा. एवढ्यासाठी काल भांडलो आपण.

टाइल काही वाईट नसते, गरम कढई ठेवली, लिंबू सांडलं तरी तिला काही होत नाही. पण सांधे! पुण्यात मी पहिल्यांदा भाड्यानं राहिले त्या घरात टाइलचा ओटा होता, कणीक मळली की सांध्यात जाऊन बसायची, हळदीनं ग्राउट पिवळं झालं ते शेवटपर्यंत तसंच, मी जुन्या टूथब्रशनं घासत बसायची, अन् आईनं या वयात ते करायचं? शिवाय आई शेंगदाण्याचं कूट खलबत्त्यातच करणार, मिक्सर घेऊन दिला तो तसाच डब्यात आहे हे मला माहितीय. खाली चिकटवायचं केमिकल सगळीकडं नीट भरलं नसलं की टाइल पोकळ बोलते आणि खलबत्त्याच्या चार ठोक्यात तडकते.

स्वस्तच करायचं असेल तर मग कडप्पा घ्या ना, ६० नं येतो, टाइलपेक्षा पण कमीत होईल. पण तो चुनखडीचा दगड, चिंचेचं पाणी, लिंबू पडलं की डाग खातो. आपली आत्ताची ओट्यावरची शहाबादी फरशी पण त्याच जातीची, सिंकपाशी कशी खडबडीत झालीय बघा. आता तिला काय म्हणायचं, किल्लारीच्या भूकंपानंतर ९५ ला घर बांधलं तेव्हापासून टिकलीय बिचारी.

ग्रॅनाइट बघायला गेलात तर एकदम काळाकुट्ट घेऊ नका, आपल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग त्याच्यावर लगेच दिसतात, बारीक ठिपक्याचा घ्या. आणि पांढऱ्या फडक्याला थोडं थिनर लावून पुसून बघा, रंग सुटला तर दगडाला रंग मारलाय, उठून या.

आणि बाबा, मुख्य गोष्ट राहिली. मिस्त्री म्हणतोय जुनी फरशी न काढता वरूनच लावू. तसं केलं की ओटा इंचभर वर जातो. आई आत्ताच भाकरी थापायला पाटावर उभी राहते, दिवाळीला आले तेव्हा बघितलं मी, तुमच्या लक्षात आलंय का नाही माहीत नाही. त्यामुळं फरशी काढायचीच, त्याचा एक दिवस जास्त जाऊ द्या. आईला सरळ उभं करा, हात कोपरात वाकवायला लावा, अन् कोपराच्या चार बोटं खाली ओटा यायला पाहिजे. टेपनं मोजा आणि मला फोटो पाठवा.

लेकीचे पैसे घेत नाही म्हणता ते माहितीय. ठीकाय, ८,२९० सोयाबीनचे तुमचे, वरचे ३,३१० माझे, आईच्या पाटाचे समजा. रवीच्या शिक्षणाला तुम्ही काय काय विकलं ते मला पण माहितीय, माझ्या वेळेला पण, तेव्हा मी काही हिशोब मागितला नव्हता.

जुन्या शहाबाद्या फेकू नका, एक-दोन अखंड निघाल्या तर परसात नळाखाली टाकून घ्या, आईला कपडे धुवायला होतील.

तुमची,
बेबी