बाबांनी करायचं दह्याचं पुडिंग

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. काल फोनवर आई म्हणाली की बाबांचे दात काढल्यापासून मऊ भात आणि खिचडीशिवाय काही पोटात जात नाही आणि आता खिचडीचाही त्यांना कंटाळा आलाय, तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चालूय. कवळी बसायला अजून वेळ आहे ना, तोवर नुसत्या भातावर कसं भागणार, अंगात ताकद कुठून येणार. म्हणून एक पदार्थ सविस्तर लिहून पाठवतेय, दही आणि फळांचं गार पुडिंग. आणि बाबा, हे तुम्ही करायचंय, आईने नाही. तिचे गुडघे बघता तिने ओट्याशी अजून एक पदार्थ करत उभं राहायला नको. तिने खुर्चीत बसून फक्त सांगायचं.

इथे स्टुटगार्टला ऑफिसमध्ये कुणाचा वाढदिवस असला की हे हमखास येतं. दही किंवा क्वार्क (आपल्या चक्क्यासारखंच असतं, थोडं सैल), त्यात फेटलेलं क्रीम, फळांचा गर आणि जेलटीन (प्राण्यांपासून काढलेलं, पदार्थ घट्ट करणारं प्रोटीन). जेलटीनचे इथे पातळ काचेसारखे कागद मिळतात, अर्ध्या लिटरला सहा कागद, गार पाण्यात पाच मिनिटं भिजवायचे, पिळायचे आणि किंचित गरम करून विरघळवायचे, उकळायचे मात्र नाहीत, उकळलं की त्याची घट्ट करायची ताकद कमी होते. पंधरा मिनिटांत सगळं तयार, मग फ्रिजमध्ये. पण इथलं जेलटीन बहुतेक डुकराच्या कातडीपासून करतात, ते आपल्या घरात चालणारच नाही, म्हणून मी चायना ग्रास वापरते आणि तुम्हालाही तेच सांगतेय.

चायना ग्रास म्हणजे समुद्रातलं लाल शेवाळ. तुम्ही दोघं रामेश्वरला जाऊन आलात ना, त्याच भागात मन्नारच्या आखातात बायका पाण्यात उतरून हे शेवाळ हाताने गोळा करतात. साताऱ्यात किराणा दुकानात किंवा केकचं सामान मिळतं तिथे चायना ग्रास किंवा अगर-अगर म्हणून मागा, पावडर मिळाली तर उत्तम, आणि पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. जेलीची रंगीत पाकिटं अजिबात आणू नका, त्यात बरीचशी साखरच असते आणि बाबांची शुगर आत्ता कुठे ताळ्यावर आलीय.

आता कृती. अर्धा किलो दही पंचात बांधून तासभर टांगायचं, श्रीखंडाला टांगतो तसं रात्रभर नको, घट्ट पण मऊ राहिलं पाहिजे. खाली जमलेलं पाणी फेकू नका, आई थालीपीठाच्या पिठात घालेल. मग दही फ्रिजबाहेर ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे बाबा, दही आणि फळांचा गर दोन्ही घरातल्या हवेइतके कोमट हवेत, कारण चायना ग्रास साधारण 35-40 अंशाला घट्ट व्हायला लागतं, दही गार असेल तर पडल्यापडल्या त्याच्या गुठळ्या होतात आणि मग कितीही फेटा, जात नाहीत.

एका पातेल्यात 200 मिली पाणी, त्यात दोन छोटे चमचे सपाट पावडर आणि दोन मोठे चमचे साखर. मंद गॅसवर ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावरही दोन-तीन मिनिटं उकळू द्या, जेलटीनच्या बरोब्बर उलट, हे नीट उकळल्याशिवाय विरघळतच नाही. पाणी स्वच्छ दिसलं की गॅस बंद, मिनिटभर थांबा. दुसऱ्या भांड्यात दही रवीने एकजीव करून ठेवलेलं असेल, त्यात हे पाणी बारीक धारेने ओतायचं आणि एका हाताने फिरवत राहायचं, इथे मात्र आईला मदतीला बोलवा, एकाने ओतायचं एकाने घुसळायचं. लगेच एक वाटी फळांचा गर, चिमूटभर वेलची, आणि पटापट वाट्यांमध्ये. पाच-सहा वाट्या होतात, अर्ध्या तासात बाहेरच घट्ट होतात, मग गार व्हायला फ्रिजमध्ये. लाईट गेली तरी हे वितळत नाही, एकदा घट्ट झालं की 85 अंशाच्या आसपास गेल्याशिवाय पातळ होत नाही. जेलटीनचं मात्र आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलं की पाणी होईल.

फळ कुठलं तर आत्ता महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आहेच, पण ती मिक्सरमधून काढून गाळणीने गाळूनच घाला, त्या बारीक बिया हिरड्यांच्या जखमेत अडकतात. चिकू छान लागतो, पुढे हापूस आला की काय विचारूच नका, फक्त दोन्ही गोड, तेव्हा साखर घालूच नका आणि बाबांना एकच वाटी. न शिजवलेला अननस, किवी आणि पपई नको. त्यांच्यात प्रोटीन तोडणारे एन्झाइम असतात, त्यामुळे जेलटीन घट्टच होत नाही, आणि चायना ग्रास वापरलं तरी दही थोड्या वेळात कडू व्हायला लागतं. अननस आवडतोच बाबांना, तर शिऱ्यासाठी शिजवता तसा पाच मिनिटं चांगला शिजवून, गार करून, मिक्सरमधून काढून घाला, शिजवल्यावर तो त्रास राहत नाही.

अजून एक. जेलटीन तोंडात आपोआप विरघळतं, हे नाही विरघळत, जिभेने दाबलं की मोडतं. म्हणून पावडर जास्त घालू नका, चमच्याने सहज कापलं जाईल इतकंच घट्ट हवं, आणि बाबा, छोटे घास घ्या, ताठ बसून. पाणी पिताना ठसका लागतो असं आई मागे म्हणाली होती, ते अजून होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच करा. हे माझं ऐका प्लीज.

आणि व्हॉट्सअॅपवर काका पाठवतात ना, जेलटीन खाऊन गुडघे बरे होतात वगैरे, आई, त्याच्या नादी लागून पावडरी मागवू नकोस. तुझ्या फिजिओने सांगितलेले व्यायाम कर, आणि यातली एक वाटी तूही खा. तू सगळ्यांना वाढून शेवटी उरलेलं खातेस हे मला माहितीये. दह्यातलं प्रोटीन आणि कॅल्शियम तुलाही तितकंच हवंय. मला तुम्ही दोघंही धडधाकट हवे आहात.

दोन दिवसांत संपवा, नंतर पाणी सुटतं. पावडर कुठे मिळाली नाही तर लगेच सांगा, पुढच्या महिन्यात इथून एक मैत्रीण पुण्याला येतेय, तिच्याबरोबर पाठवते.

तुमची लेक