टाक्यांमागच्या हातांचे आभार

आयुष्यभर भरतकाम-विणकाम करून भेटी दिल्या, कौतुक मात्र माझ्या एकटीच्याच वाट्याला आलं. साखळी टाका घट्ट ओढायचा नाही, कापड चुरमडतं, हे हात धरून शिकवणाऱ्या बाईंचे आभार. नजर अधू झाल्यावर 6 पदरी दोऱ्यातले 2 पदर सोडवून सुईत ओवून देणाऱ्या पोरींचेही. (एकीने तर दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या होत्या!) स्वेटरची एक बाही उरली असताना लोकर संपली. रंग तोच असला तरी लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेली लोकर, बदलला की छटा बदलते. तेव्हा एका अनोळखी बाईंनी स्वतःच्या साठ्यातला नेमका त्याच लॉटचा गुंडा काढून दिला. आणि माझी झबली कपाटात न ठेवता वापरून विटवणाऱ्या आयांनो, तुमचे विशेष आभार.